हिरकणीला आग्रह नाही

५ जानेवारी २०२५, मिनियापोलिस

बाहेर उणे वीस. अशा थंडीत झुरळांचं पार्सल दारात तासभर जरी पडून राहिलं तरी सगळा माल गारठून मरतो. म्हणून डबा कुरियरच्या कचेरीतच ठेवायला सांगितला आणि स्वतः जाऊन घेऊन आलो. आत ऊब देणारी पुडी, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे आणि त्यांच्या खाचांत दाटीवाटीने बसलेली डुबिया झुरळं. ही जात गुळगुळीत प्लास्टिकवर चढू शकत नाही आणि उबेशिवाय वाढत नाही, त्यामुळे घरभर पसरायची भीती नाही. बायकोला हे सगळं पटलेलं आहे, तरी डबा फर्नेसच्या खोलीत जाताना बघून ती म्हणालीच, "पुण्यात झुरळं मारायला पैसे द्यायचो. इथे तू पाळायला देतोस."

हिरकणी हे नावही तिनेच ठेवलं. पहिल्याच दिवशी पिंजऱ्याची उभी जाळी पार करून ती छतापाशी लटकली होती. येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियाच्या डोंगरांतली ही शॅमेलिऑनची जात. डोक्यावर उंच तुरा, आणि मादी म्हणून मागच्या पायाला टाचेशी काटा नाही. नराला तो अंड्यातून बाहेर येतानाच असतो.

संध्याकाळी साताऱ्याहून आईचा फोन. "आज काय जेवली?" "आज काही नाही, उद्या चार." "म्हणजे एक दिवसाआड? आणि चारच? अरे, मुकं जनावर ते!"

१८ जानेवारी

घरी हळदीकुंकू. तिळगूळ झाल्यावर सगळ्या जणी मुलांसकट पिंजऱ्यापुढे. "हातावर घेऊ?" "लाल कापडावर ठेवा ना, लाल होते का बघू."

होत नाही. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं, की त्यांच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो. हे अंतर ठरतं ते प्राण्याच्या मनःस्थितीवर, शेजारच्या कापडावर नाही. सकाळी ऊब घ्यायची असते तेव्हा हिरकणी काळपट होते, झोपेत फिकट. निवडणुका आल्या की आपल्याकडे पक्ष बदलणाऱ्यांना सरडा म्हणतात. सरड्याने अब्रुनुकसानीचा दावा लावायला हरकत नाही.

मुलांचा गलका वाढला तशी ती फांदीच्या मागे सरकली, अंग चपटं केलं आणि एक डोळा आमच्याकडे, दुसरा खिडकीकडे लावून बसली. मी पुढे चादर टांगली. पाहुण्यांना राग आला असावा. येवो.

२ फेब्रुवारी

घरात हीटर दिवसभर चालू, हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांवर. वाटीतल्या साचलेल्या पाण्याकडे ही बहुधा ढुंकूनही बघत नाही. पानावरचे थेंब चाटते. दिवे लागायच्या आधी पंप दोन-तीन मिनिटं फवारा मारतो, दुपारी वरच्या बाटलीतून थेंब गळत राहतात. पिंजरा दोन फूट लांब-रुंद, चार फूट उंच, चारही बाजूंनी जाळीचा, कारण कोंदट हवेत यांची फुप्फुसं बिघडतात. पण जाळीमुळेच ओलावा टिकत नाही, म्हणून हिवाळ्यापुरता तीन बाजूंना प्लास्टिकचा कागद लावलाय. आत मनी प्लांट आणि कुंडीतली जास्वंद. दोन्हींची पानं ती अधूनमधून कुरतडते. जास्वंदीचं फूल मात्र अख्खं खाते. गणपतीला वेगळी फुलं आणावी लागतात.

पुरेसं पाणी मिळतंय की नाही हे मी तिच्या विष्ठेवरून बघतो. त्यातला युरेटचा भाग पांढरा असला की ठीक. गडद पिवळा किंवा नारिंगी झाला, डोळे आत गेलेले दिसले, तर फवारा वाढवायचा.

१६ फेब्रुवारी

जतहून पुतण्याचा फोन. "काका, बांधावरच्या बाभळीवर घोयरा सापडलाय. तुमच्यासारखाच डबा करून ठेवू का?"

"हातसुद्धा लावू नकोस." घोयरा म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन. तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, पकडणं, पाळणं, विकणं सगळाच गुन्हा. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या यादीतला परदेशी प्राणी तिकडे जवळ बाळगायचा तर २०२४च्या नियमांप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी लागते. माझी हिरकणी इथेच पैदास झालेली, तिचा कागद माझ्याकडे आहे. पुतण्या म्हणाला, "पण काका, खाली माणसं दगड घेऊन उभी आहेत. विषारी म्हणतात." त्याला विष नसतं, हे त्यांना समजावून सांगायचं काम मी त्याच्यावर सोपवलं. तासाभराने फोटो आला: घोयरा वर शेंड्याला, माणसं पांगलेली. डबा करण्यापेक्षा हे काम अवघड होतं.

९ मार्च

काल मध्यरात्रीनंतर देशात बहुतेक ठिकाणी घड्याळं तासभर पुढे गेली. दिव्यांच्या टायमरला मी हात लावला नाही. त्यांचे बारा तास आहेत तसेच राहतील. हिरकणीला ऑफिस नाही.

आज झुरळांच्या खाण्याचा दिवस. झुरळाने जे खाल्लं तेच शेवटी तिच्या पोटात जातं, म्हणून त्यांना गाजर, भोपळा, संत्र्याच्या फोडी. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. मग पिशवीत कॅल्शियमची पूड टाकून झुरळं हलवायची, अनारशाला खसखस लावावी तशी. महिन्यातून दोनदा ड जीवनसत्त्वाची पूड. एरवी ड तयार होतं ते अतिनील ट्यूबच्या उजेडात. ते किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, त्यामुळे "उन्हात ठेव की खिडकीपाशी" हा आईचा सल्ला बाद. कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जबडा रबरी होतो. घास दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

२२ मार्च

अंगावर गडद हिरव्यात पिवळे-निळे ठिपके उठलेत. दोन दिवस खाणं बंद. आयुष्यात कधी झाडावरून न उतरणारी बाई जमिनीवर येरझारा घालतेय. अंडी आहेत.

नर कधी शेजारीही आला नाही, तरी या जातीच्या मादीला अंडी होतात, कोंबडीला होतात तशीच, फक्त फोल. ती घालायची सोय नसली तर आत अडकून मादी मरते. आणि किती अंडी होणार, हे बरंचसं आधीच्या काही महिन्यांत तिला काय मिळालं यावर ठरतं. भरपूर खाणं आणि भरपूर उष्णता मिळाली की साठ-सत्तर अंडीही होतात. एवढ्यांची कवचं घडवताना शरीरातलं कॅल्शियम उपसलं जातं आणि आयुष्य आखडतं. म्हणून एक दिवसाआड चार किडे, आणि दिव्याखाली जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस अंश. आमच्या घरात "पोट भरलं" म्हणणाऱ्याच्या पानात हमखास आणखी एक पोळी पडते. तिथे वाढलेल्या माणसाला हात आवरणं जड जातं. आपल्याला बघून तोंड उघडतं म्हणून आणखी एक झुरळ पुढे करावंसं रोज वाटतं.

तळाला बादलीएवढा डबा ठेवला, फूटभर खोल ओली वाळू आणि माती. मूठ दाबली की गोळा व्हावा, पाणी गळू नये, इतपत ओलं.

३० मार्च, पाडवा

गुढी बाल्कनीत. हिरकणी पहाटेपासून वाळूत. तीन बाजूंना कागद होताच, चौथीलाही चादर लावली. खोदताना कोणी बघतंय असं वाटलं तर ती काम अर्धवट टाकते. बायको श्रीखंड घेऊन आली, तरी दार लोटून बाहेरच थांबली. जुना फोन रेकॉर्डिंगला आत ठेवलाय. त्यात फक्त मातीने माखलेली शेपटी आणि मधूनच मागे उडणारी वाळू.

रात्री दिवे गेले तेव्हाही ती बोगद्यातच. हात घालून बघायचं नाही.

३१ मार्च

दुपारी वर आली. खड्डा तिने स्वतःच बुजवलेला, वरून थोपटून सारखा केलेला. पोट आत गेलेलं, अंगावर माती. लांब फवारा दिला तर डोळे फिरवत कितीतरी वेळ चाटत राहिली. ती वर झोपल्यावर उकरून पाहिलं: वीस-बावीस पिवळसर, चामड्यासारखी अंडी. एवढीच हवी होती. फोल असल्यामुळे टाकून दिली.

६ एप्रिल, रामनवमी

अंडी घातल्यावरचे थोडे दिवस रोज खायला द्यायचं असतं, त्यामुळे आई खूष आहे. "आता कसं!" आज रेशमाच्या अळ्या आणि चार झुरळं. उद्यापासून पुन्हा एक दिवसाआड. हे आईला अजून सांगितलेलं नाही.

ट्यूब बदलली. उजेड दिसायला पूर्वीइतकाच होता, पण अतिनील किरण डोळ्यांना न कळता विरत जातात, म्हणून टोकाला तारीख लिहून ठेवतो. बायको म्हणते, थंडी सरली, झुरळं गॅरेजमध्ये हलव. रात्रीचं तापमान वीसच्या वर गेलं की हलवीन म्हणालो. तिने हवामानाचं अ‍ॅप उघडून माझ्यापुढे धरलं: आज रात्री उणे तीन.