मुसाफर आणि मिसाफिर

प्रवाशाजवळ पैसा थोडा असला तरी निभावते. परंतु ज्या मुलखात जायचे तेथील भाषा ठाऊक नसेल तर तो मुकाच ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. कास्काव्हेलजवळच्या एका मराठी कुटुंबातील तरुण पाठीवर एकच पिशवी टाकून इस्तंबूल शहरी उतरला, तेव्हा त्याचाही समज हाच होता. घरात क्रिओल, कामाच्या ठिकाणी फ्रेंच व इंग्रजी, आणि आजीशी बोलण्यापुरती मराठी, एवढीच त्याची भाषेची शिदोरी. त्यातही मराठीची गणना तो शिदोरीत करीत नसे. ती गणेशचतुर्थीच्या आरतीची आणि शाळेतील परीक्षेची भाषा. मॉरिशसबाहेर तिचा काय उपयोग, असे तो आजीला तोंडावर म्हणे. आजी हसून गप्प बसे.

इस्तंबूल हे दोन खंडांवर वसलेले शहर. मधून बॉस्फरसची सामुद्रधुनी वाहते. एका तीरावर युरोप, दुसऱ्या तीरावर आशिया. तुर्की भाषा १९२८ सालापासून रोमन लिपीत लिहिली जात असल्यामुळे पाट्या वाचता येत होत्या, अर्थ मात्र लागत नव्हता. पण सिर्केजीच्या जुन्या रेल्वेस्थानकापाशी, जेथे पूर्वी ओरिएंट एक्सप्रेसचा प्रवास संपत असे, त्याला पहिला दिलासा मिळाला. स्थानकाला तेथे 'गार' म्हणतात, तिकिटाला 'बिलेत', सामानाला 'बगाज' आणि गाडी हाकणाऱ्याला 'शोफर'. हे तर फ्रेंचमधून आलेले, क्रिओल बोलणाऱ्याच्या ओळखीचे शब्द! त्याला हायसे वाटले.

दुसरा दिलासा मिळाला तो बाजारात, आणि तो अधिक आश्चर्याचा होता. दुकानाला तेथे 'दुक्क्यान' म्हणत, तराजूला 'तेराझी', मैदानाला 'मेयदान', हवेला 'हवा' आणि बदामाला 'बादेम'. एका खाणावळीत शेजारच्या गिऱ्हाइकाने 'हेसाप' अशी हाक मारताच पोऱ्याने बिल आणून ठेवले, तेव्हा हा तरुण चमकला. तो तर आजीचा 'हिशेब' होता! फारसी आणि अरबी शब्द एका वाटेने तुर्कस्तानात गेले, दुसऱ्या वाटेने दख्खनेत आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तुर्कांनीही १९३२ साली भाषासंस्था स्थापून आपल्या भाषेतील परके शब्द निवडून काढण्याचा उद्योग आरंभिला. तथापि दुकान, तराजू आणि हिशेब हे गरिबाच्या रोजच्या तोंडचे शब्द. ते दोन्हीकडे जागचे हलले नाहीत.

शब्द ओळखीचा निघाला म्हणजे अर्थही तोच असतो असे मात्र नाही. मराठीत 'तमाम' म्हणजे सगळे. तुर्कीत 'तमाम' म्हणजे 'बरे, ठीक'. खाणाखुणांचीही तीच गत. तिसऱ्या दिवशी सायंकाळी आशियाच्या तीरावरील उस्कुदारच्या गल्ल्यांत तो वाट चुकला. खिशातील फोनची बॅटरी संपलेली होती. एका चहाच्या दुकानापुढे बसलेल्या वृद्धाला त्याने समोरचा रस्ता दाखवून हातानेच बोटीचा आकार केला. वृद्धाने भुवया उंचावून मान किंचित मागे नेली आणि जिभेने 'च्च' केले. हा होकारच असावा असे समजून तरुण त्याच रस्त्याने चालू लागला. तुर्कांचा तो नकार असतो! वृद्ध उठला, धापा टाकीत मागे आला आणि त्याची बाही धरून त्याला परत घेऊन गेला.

मग चहा आला. कमरेशी निमुळत्या अशा लहानशा काचेच्या पेल्यात तो तांबूस, बिनदुधाचा चहा आणि बशीत साखरेच्या दोन वड्या. वृद्धाने वड्यांकडे बोट दाखवून विचारले, 'शेकेर?' संस्कृतातील शर्करा फारसीच्या वाटेने तेथवर पोहोचली होती. तरुणाने 'साखर' म्हटले. वृद्धाने तो शब्द दोनदा घोळवून पाहिला आणि तो खुशीत हसला. तरुणाने कागदावर एक बेट काढले, बेटावर ऊस काढला, आणि कोयत्याने ऊस तोडण्याचा अभिनय करून 'आजोबा' हे कसे सांगावे ते न कळल्याने हातानेच पांढऱ्या मिशा दाखविल्या. वृद्धाने मान हलविली, पेन्सिल घेतली आणि उसाशेजारी एक जाडजूड कंद काढला. त्या देशाची साखर उसाची नव्हे, बीटची. मग त्याने आपला तळहात पुढे केला. त्यावरील घट्टे जुने होते. तरुणाला आजोबांचा हात आठवला, आणि पुढे बराच वेळ दोघेही काही बोलले नाहीत.

निघताना तरुणाने 'हेसाप' म्हणून पैसे पुढे केले. वृद्धाने ते परत सारले, छातीवर हात ठेवला आणि म्हटले, 'मिसाफिर.' आपल्याला मुसाफर म्हणतो आहे, एवढे तरुणाला समजले. पण मुसाफराकडून पैसे का घेऊ नयेत, हे समजले नाही. रात्री विश्रामगृहाच्या फ्रेंच जाणणाऱ्या व्यवस्थापकाने उलगडा केला. तुर्कीत त्या शब्दाचा अर्थ प्रवासी असा नसून पाहुणा असा आहे. आणि अवचित दारी आलेल्याला तेथे देवाचा पाहुणा म्हणतात.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. १८३४ सालापासून पुढे जवळजवळ पाच लाख माणसे करारावर मॉरिशसच्या किनाऱ्याला लागली. रत्नागिरीकडची मराठी माणसेही त्यांत होती. तीही मुसाफरच होती. पाठपिशवीऐवजी गाठोडे होते, इतकेच. पोर्ट लुईच्या धक्क्यावर त्यांना क्रमांक मिळाला. पाहुणा कोणी म्हटले नाही. ज्यांनी त्यांना आपले म्हटले ते शेजारच्या खोपटातले, भोजपुरी, तमिळ वा तेलुगू बोलणारे, त्यांच्यासारखेच निराधार लोक. खुणांनी, चुकांनी आणि चिमूटभर मिठाच्या उसनवारीने ते एकमेकांचे झाले.

मॉरिशसला परतल्यावर त्याने आजीला सर्व हकिकत सांगितली. या खेपेला ती गप्प बसली नाही. ती म्हणाली, 'अरे, पण आपल्या नाक्यावर उभी असतात ती पोरं कोण?'

ती पोरे बांगलादेशातून करारावर आलेली, कारखान्यात राबणारी. दररोज बसच्या थांब्यावर ती भेटत, आणि हा तरुण वर्षानुवर्षे त्यांच्याकडे न पाहता पुढे जात असे. कराराने आलेल्यांच्या वंशजालाच कराराने आलेला माणूस दिसला नव्हता!

दुसऱ्या दिवशी तो थांब्यावर थबकला. बंगाली त्याला येत नव्हती. त्याने दोन पेले चहा घेतला, त्यांतील एक शेजारच्या मुलापुढे धरला आणि म्हटले, 'चा?'

त्या मुलाने प्रथम त्याच्याकडे संशयाने पाहिले. मग पेला घेतला. पैसे काढण्यासाठी त्याने खिशात हात घातला, तेव्हा तरुणाने आपला हात छातीवर ठेवला.