पट्टा पडल्यावर

दिवाळीच्या तोंडावर भूमच्या बसस्थानकाजवळ घटकाभर उभं राहिलं की गाव एकाच वेळी भरताना आणि रिकामं होताना दिसतं. बार्शीकडून आलेल्या गाडीतून पुण्याची माणसं उतरतात. चाकांच्या बॅगा, पेंगुळलेली पोरं आणि ‘टेंभुर्णीतच तास गेला’ ही ठरलेली तक्रार. कुर्डुवाडीहून छोटी रेल्वे बार्शीपर्यंत १८९७ मध्येच आली, पण भूमला रूळ काही लागले नाहीत. आमच्या भेटीगाठी अजून एसटीच्याच हवाली. त्याच रस्त्यानं ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या गावाबाहेर पडत असतात. त्यांत ताडपत्री, कोपीचे म्हणजे झोपडीचे बांबू, पत्र्याची पेटी, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेलं बिऱ्हाड. साखर कारखाने पेटायची वेळ झाली की टोळी जमवणाऱ्या मुकादमाचा निरोप येतो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, तर पावसाळ्यातच घेतलेली असते आणि ती संपलेलीही असते. थोरली पोरं आजीजवळ नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, तान्ही सोबत जातात.

आम्ही कुठंच न गेलेले. सुट्टीत आम्हाला भलताच भाव येतो. कुणाचं शेत गेलं, कुणाच्या पोराचं जमलं, तलाठी कधी भेटतो, सगळं आम्हालाच विचारायचं. पुणेकरांना चार दिवसांत सगळं उरकायचं असतं: आत्याकडचं जेवण, भाऊबीज, कुंथलगिरीच्या डोंगरावर एक चक्कर, सातबारा आणि निघताना खवा.

खव्यासाठी मी त्यांना भट्टीवर नेतो. पाथरूडकडं कितीतरी घरांचं पोट यावर चालतं. मोठ्या कढईत दूध उकळतं आणि लांब दांड्याचं उलथनं क्षणभर थांबत नाही. थांबलं की तळ धरलाच. साधारण पाच लिटर दुधाचा किलोभर खवा पडतो, दूध म्हशीचं असलं तर थोडा जास्तच. आळत आलं की आवाज बदलतो, पाण्याची खळखळ जाऊन जाड बुडबुडे फुटू लागतात, आणि भट्टीवाला कढईत न बघता म्हणतो, ‘आता उतरवा.’ शाळेत शेजारी बसलेले दोघं धुरानं डोळे पुसत इथं जितकं बोलतात, तितकं घरच्या सोफ्यावर बोलत नाहीत. फराळाच्या ताटासमोर पगार आणि फ्लॅट निघतात. इथं बाप कसा गेला ते निघतं.

पण हे दोघंच. वर्गातले बाकीचे? आमच्या बॅचचा स्नेहमेळावा दरवर्षी पाडवा-भाऊबीजेच्या आसपास होतो. बॅनर लागतो, गुरुजींना फेटे बांधतात, हजेरीही घेतात. नावं पुकारली की मधूनच कुणीतरी ‘फडावर’, म्हणजे ऊस तोडायला गेलाय, असं म्हणतं आणि पुढचं नाव येतं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. ज्यांना भरपगारी रजा आहे त्यांच्या सोयीनं तारीख धरायची आणि मग सगळे भेटले म्हणून फोटो काढायचा, हे काही खरं नाही.

इकडची खरी गाठभेट चैत्रात पडते. तोवर बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला असतो, टोळ्या परतलेल्या असतात आणि पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. देवीची पालखी डोंगरावरून आमराईकडं निघते. वाटेत चुन्याच्या रानात माणसं चुनखडीचे खडे वेचून राशीत टाकतात. भाऊबीजेला फडावर असलेली बहीण इथं भावाला भेटते. बांगड्या भरून घेते, ओवाळणी राहिली म्हणून भांडतेही. आपलं लेकरू सहा महिन्यांत किती वाढलं हे आई गर्दीतच त्याला अंगाला लावून मापते. कमरेपर्यंत होतं ते जरा वर आलेलं असतं. हिशेब मात्र अजून फिटलेला नसतो. उचलीतले राहिलेले पैसे पुढच्या सालावर गेलेले असतात, आणि यात्रेत मुकादमही हिंडत असतो.

ही चैत्रातली भेटही दरसाल जमतेच असं नाही. २०२२ मध्ये मराठवाड्यात ऊस इतका उभा राहिला की कारखाने जूनपर्यंत चालले. त्या वर्षी चैत्री पौर्णिमा आली आणि गेली, कितीतरी टोळ्या उन्हाच्या तडाख्यात ऊसच तोडत होत्या.

यंदा मीच व्हॉट्सॲपच्या गटावर लिहिलं, मेळावा चैत्रात घेऊ, यात्रेला लागून. पुण्याहून पोरांच्या परीक्षा, ऊन आणि मार्चअखेरीची कामं अशी कारणं भराभर आली. एकानं तर ‘फोटो चांगले येत नाहीत उन्हात’ असंही लिहिलं. फडावरून उत्तर आलं ते दोन दिवसांनी, बोलून पाठवलेलं, मागं मोळ्या टाकल्याचा आवाज: ‘पट्टा पडला की आलोच गड्या. पर तारीख पक्की करू नका. आधी मुकादमाला इचारतो.’