बाकावरची जागा

संजय सूरकर यांचा 'चौकट राजा' १९९१ साली प्रदर्शित झाला. पुढे तो आम्ही भुसावळच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये टीव्हीवर पाहिला. दिलीप प्रभावळकरांनी साकारलेला मतिमंद नंदू आणि त्याच्या वाट्याला आलेला दुरावा पाहून घरातील साऱ्यांचे डोळे पाणावले.

त्याच सुमारास आमच्या ओळीत तसाच एक मुलगा राहत असे. तो अंगणात आला की आम्ही आमच्या मुलांना घरात बोलावून घेत असू. रविवारी मिस्साच्या वेळी तो ओरडला की आम्ही मागे वळून पाहत असू. मग त्याची आई मान खाली घालून त्याला बाहेर नेई. नंदूसाठी रडलेले आम्हीच ते!

नंदू हा अभिनय होता; टीव्ही बंद होताच आमची जबाबदारी संपत असे. म्हणूनच महेश लिमये यांच्या २०१४ च्या 'यलो'ने आम्हांस अधिक अस्वस्थ केले. त्यात डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच्याच भूमिकेत आहे. तिला पाहताना आम्हांस तो मुलगा आठवला.

बाकावर थोडे सरकून त्या मायलेकांना जागा द्यावी, एवढेही आमच्याने झाले नाही. पुढे मुलाच्या वडिलांची बदली झाली. क्षमा मागायची राहूनच गेली.