मुदतवाढ

वाहन जुने झाले म्हणजे त्याला स्वभाव येतो. नव्या गाडीला नुसता रंग असतो. आमच्या मेव्हण्याची चौदा वर्षांची डिझेल पिकअप चांगलीच स्वभावाची आहे. सपाटीला ती निमूट चालते. चढ लागला की उचक्या देते, आणि पाठीवर भाजीचे क्रेट असले की मधेच उभी राहते. घटकाभर विश्रांती मिळाली की पुन्हा सुरू. मला हे लक्षण ओळखीचे वाटले. जेवणाच्या सुटीनंतर आमच्या शाखेत पुष्कळांचे असेच होते.

मेव्हणा शिरवळच्या बाजूने पुण्याच्या मार्केट यार्डात भाजी आणतो, आणि मधे कात्रजचा चढ परमेश्वराने आधीच घालून ठेवला आहे. ही गाडी जुनी घेताना काढलेल्या कर्जाला जामीनदार म्हणून माझी सही आहे. त्यामुळे गाडी चढावर थांबली की इकडे घरात बसल्या बसल्या मला धाप लागते.

निदान करणाऱ्यांना आपल्याकडे तोटा नाही. टायरवाला म्हणाला, नोझल गेले. चहावाल्याने थेट इंजिन उतरवायला सांगितले. सासूबाईंनी पुढची लिंबू-मिरची बदलून पाहिली. शेवटी दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुटी होती म्हणून, मीही मेव्हण्याबरोबर मिस्त्रींकडे गेलो. रात्री माल भरायचा होता. रविवारी पहाटे गाडी यार्डात नसती, तर टोमॅटोचा भाव उतरला असता आणि माझा रक्तदाब चढला असता.

मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "डिझेल फिल्टर कधी बदललाय?"

मेव्हण्याने आभाळाकडे पाहिले. "पुढच्या खेपेला बदलणारच होतो."

ही पुढची खेप दोन वर्षे पुढेच होती. कधी पोराची फी आडवी आली, कधी टायर. फिल्टरला आपली मुदतवाढ मिळत गेली.

मिस्त्रींनी फिल्टरखालचा स्क्रू सैल केला. आधी पाणी आले, मग काळा गाळ, आणि मग नाइलाजाने थोडे डिझेल. "सपाटीला इंजिन कमी पितं, तेवढं ह्यातून झिरपतं. चढाला जास्त मागतं, तेव्हा मिळत नाही. त्यात हा फीड पंपही गेलाय." पंपाच्या अंगावरून डिझेल पाझरत होते. टाकीतले डिझेल ओढून फिल्टरमध्ये ढकलायचे, एवढेच त्याचे काम. आतला पडदा फाटल्यावर तो ढकलणार काय?

"मग दाजी, आत्ता फक्त पंप टाकू," मेव्हणा म्हणाला. "फिल्टर पुढच्या—"

"तुंबलेल्या फिल्टरवर नवा पंप टाकणार?" मिस्त्री म्हणाले. "मग हा पंपही माझ्याकडेच आणा."

मला हे लगेच पटले. आमच्या शाखेत नवा मॅनेजर येतो तो पंपासारखाच. वरून ओढतो आणि पुढे ढकलतो. पण टेबलावरचा कारकून तुंबला असेल, तर मॅनेजर बदलून कागद हलत नाही. फिल्टर म्हणजे कारकूनच. सगळा कचरा स्वतःत ठेवून पुढे स्वच्छ ते द्यायचे. कुणी 'वा' म्हणत नाही. काम अडले तरच नाव निघते.

आणि पुढे स्वच्छच जावे लागते. रुडॉल्फ डीझेलसाहेबांचे इंजिन १८९७ साली चालले, पण त्यात इंधन उडवायला हवेचा अवजड कॉम्प्रेसर लागत असे. बॉश कंपनी १९२७ पासून इंधन फवारणारे पंप कारखान्यात काढू लागली, तेव्हा हे इंजिन रस्त्यावर चांगले रुळले. या फवारणी-पंपातला दांडा नळीत इतका नेमका बसतो की मधली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड. तो इथे वासा ठरेल. फिल्टर जपतो तो या महागड्या साहेबाला.

मिस्त्रींनी दोन बोल्ट काढून जुना पंप उतरवला. नवे गॅस्केट, नवा पंप, पाइपांच्या सांध्यांना नवे तांब्याचे वॉशर. मेव्हणा जुने वॉशर खिशात घालू लागला, ते मिस्त्रींनी काढून फेकले. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला डिझेलचे बोट लावले आणि फिल्टर हातानेच घट्ट केला. पाना लावला की रबर चेपते, म्हणे.

मग हवा काढणे. डिझेल दाबले तर दबत नाही, पण त्यात बुडबुडा असला की तोच दबत बसतो आणि पंपाचा सारा जोर पिऊन टाकतो. वरचा स्क्रू सैल करून मिस्त्रींनी हातपंपाचे बटण माझ्या अंगठ्याखाली दिले. वीस वर्षे शिक्के मारून तयार झालेला अंगठा प्रथमच योग्य जागी पडला. फेस आला, मग बुडबुडे, मग सलग स्वच्छ धार. "दाबत राहा," म्हणत त्यांनी स्क्रू आवळला. "गाडीची हवा अशी काढता येते, साहेब. माणसांची नाही."

दोन घरघरी, आणि गाडी सुरू. रात्री माल भरून ती कात्रज चढली. पहाटे मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, कुठंच थांबली नाही." मी हप्त्याची तारीख आठवून पुन्हा झोपलो.

त्याआधी मिस्त्रींनी एक काम केले होते. नव्या फिल्टरच्या अंगावर पेनने तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिला, खाली आणखी एक आकडा लिहिला आणि म्हणाले, "ह्या किलोमीटरला काढायचा. कारण चालणार नाही."

रुजू तारीख आणि निवृत्तीची तारीख, दोन्ही स्पष्ट अक्षरांत. जामीनदार या नात्याने मी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले. या वेळी मुदतवाढीचा अर्ज माझ्याकडे येणार आहे, आणि अर्ज परत कसा पाठवायचा हे कारकुनाला शिकवावे लागत नाही.