रान कुणाच्या नावावर?

ऐतिहासिक कादंबरीत प्रेमकथा रंगवणे मराठी वाचकाला नवे नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि माधवराव-रमाबाई घरोघरची माणसे झाली. (आमच्या घरात क्रमिक पुस्तकाखेरीज पहिले पुस्तक मीच आणले, ते हेच!) त्या दोघांचे एकांतातले बोलणे कुठल्या बखरीत आहे? ते देसाईंनी कल्पिले आणि आपण डोळे पुसत वाचले. मग दोन स्त्रियांच्या प्रेमाची ऐतिहासिक कादंबरी हाती घेतली, की “असे तेव्हा होते याला पुरावा काय?” असे लोक का विचारतात?

मला हा प्रश्न विचारला गेला तो ‘पेशन्स अँड सारा’मुळे. इंग्रजीच्या बाईंनी आपली प्रत दिली आणि मी ती शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचली. लेखिका अमेरिकन, ॲल्मा राउटसाँग. टोपणनाव इझाबेल मिलर. मुळाशी धागा अगदी बारीक. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीन कौंटीत मेरी ॲन विल्सन नावाची बाई घरगुती रंगांनी चित्रे काढी. तिच्यासोबत मिस ब्रंडेज नावाची दुसरी बाई राही आणि शेती पाही. चित्रे वीसेक उरली. दोघींविषयी लिहिलेले मात्र चार ओळींपलीकडे काही नाही. त्या चार ओळींवर राउटसाँग यांनी कादंबरी उभी केली, १९६९ साली पदरच्या पैशाने तिच्या हजार प्रती छापल्या, आणि त्यानंतर कुठे मोठ्या प्रकाशकाने ती घेतली.

सारा गरीब शेतकऱ्याची पोर. घरात मुलगा नाही म्हणून बापाने तिच्या हाती कुऱ्हाड दिली. पेशन्स खात्यापित्या घरची, चित्रे काढणारी. बापाच्या मृत्युपत्राने मिळालेल्या जागेत, भावाच्या घरात राहणारी. पुढे सारा केस कापून मुलाच्या वेषात घर सोडते. गाडीतून पुस्तके विकत हिंडणारा एक पाद्री तिला वाचायला शिकवतो. तो भाग मी तीनदा वाचला. माझी आई अजूनही सही करताना श्वास रोखून धरते.

मला विचाराल तर या कादंबरीतली गोडी हिशेबात आहे. पेशन्सचा वाटा भावाकडून पैशात मिळणे, त्या पैशात परमुलखात जमीन घेणे! दोघींचे मन केव्हाच जुळलेले असते. खरा प्रश्न डोक्यावरच्या छपराचा. शहरातल्या मैत्रिणींना ही पाने कंटाळवाणी वाटली. मला नाही वाटली. माझी आजी चाळीस वर्षे एकाच रानात राबली, पण सातबाऱ्यावर तिचे नाव कधी चढले नाही. कागद पाहून कुणी इतिहास लिहायला बसले, तर त्या रानात आजी नव्हतीच! म्हणून पुरावा मागणाऱ्यांचे मला हसू येते.

शिवाय पुरावा ठेवू कोण देत होते? ई. एम. फॉर्स्टर यांनी (हेच गृहस्थ १९२१ साली देवासच्या मराठा राजांकडे चिटणीस होते) ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्ये लिहिली. दोन पुरुषांचे प्रेम, आणि शेवट सुखाचा. इंग्लंडात तेव्हा तो गुन्हा होता. कादंबरी १९७१ साली छापली, लेखकाच्या मृत्यूनंतर. त्या काळच्यांना जे छापता आले नाही, ते पुढचे लेखक मागे जाऊन लिहितात. सारा वॉटर्स यांनी १९९८ साली ‘टिपिंग द व्हेल्व्हेट’मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातले लंडन असेच घेतले. आपल्याकडे तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. काळ स्वातंत्र्यापूर्वीचा. त्यातली मित्रा जगत नाही. नाटक खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण ते वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गुन्ह्याचा डाग पुसला, २०२३ साली विवाहाचा हक्क मात्र दिला नाही. तेव्हा दोघींनी एका चुलीपाशी म्हातारे व्हावे, एवढे तरी कादंबरीत का वाचू नये?

कादंबरीत दोष आहे. शेत हाती आले आणि ती संपली. पुढचा पाऊस, पीक, कर्ज यांचे नाव नाही. शेतकऱ्याच्या पोरीला हे खटकणारच.

दिवाळीनंतर घरी माझ्यासाठी स्थळे पाहणार आहेत. परवा आई ज्वारी निवडत बसली होती, तेव्हा तिला ही गोष्ट सांगितली. “मैत्रिणी होत्या” असे म्हणून वेळ मारून नेली नाही. जशी आहे तशी सांगितली. आई कितीतरी वेळ खडे वेचत राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, “आणि रान कुणाच्या नावावर केलं गं?”