डाव्या डोळ्याचें धुकें

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या उजव्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढला. डावा पुढें राखून ठेवला आहे. मधल्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यांतील सिद्धेश्वरास जाण्याचा योग आला. पूर्णा नदीवरील येथील धरण १९६८ सालचें. सकाळीं बांधावर उभे राहून आम्हीं एकेक डोळा झांकून पाहिलें, तों दोन निरनिराळे जलाशय दिसले. उजव्यास पैलतीरावरील झाडें मोजतां यावींत. डाव्यास पाणी, तीर आणि आकाश एकाच करड्या, ओलसर रंगांत विरलेलीं. धुकें पडलें नव्हतें. होतें तें आमच्याच डोळ्यांत. सांगावयास संकोच वाटतो, पण चित्र म्हणून सरस होता तो डावाच.

पीटर हेन्री एमर्सन हा विलायती छायाचित्रकार आम्हांस तेथेंच आठवला. हा शिक्षणानें डॉक्टर. १८८६ सालीं त्यानें गुडॉल नांवाच्या चित्रकाराच्या साह्यानें नॉर्फोकमधील पाणथळ प्रदेशाचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. १८८९ च्या ग्रंथांत त्यानें प्रतिपादिलें कीं, मनुष्याची दृष्टि जेथें खिळते तेवढेंच स्पष्ट दिसतें, भोंवतालचें मृदु होतें. छायाचित्रानेंहि तसेंच पाहावें. प्लॅटिनमच्या छापांत धातु कागदाच्या तंतूंतच बसतो, पृष्ठभाग चकाकत नाहीं, आणि करड्या छटा अगदीं हलक्या पावलांनीं उतरत जातात. म्हणून तो छाप त्याच्या आवडीचा. त्याची मृदुता चित्रकारांकडून उसनी आणलेली नव्हती; ती डोळ्याच्या रचनेंतच आहे, अशी त्याची श्रद्धा होती.

पुढील मंडळींनीं मात्र कुंचलाच हातीं घेतला. फ्रान्सचा रॉबेर देमाशी डिंकांत रंग व एक क्षार कालवून कागदास लेप देई. प्रकाशानें जेथें लेप घट्ट झाला नसेल तेथें तो पाण्यानें धुऊन काढी, आणि धुतां धुतां कुंचल्यानें हवें तें पुसून टाकी. हीं चित्रें सुंदर आहेत, पण छायाचित्रास आपल्या कुळाची लाज वाटून तें दुसऱ्याचें आडनांव लावूं पाहत आहे, असें आम्हांस नेहमीं वाटतें.

हिंगोली त्या काळीं निजामाच्या राज्यांत होती. त्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या चित्रांत मंदिरा-महालांचा चिरा न् चिरा स्वच्छ दिसतो. मुंबईचे शापूर भेदवार लंडनच्या 'लिंक्ड रिंग' मंडळाचे सभासद झाले खरे, पण त्यांचें मन रमलें मांडून घेतलेल्या मनुष्यचित्रांत. पूर्णाकांठीं एखादा एमर्सन फिरकला असता तर!

पण त्याचीहि श्रद्धा टिकली नाहीं. छटांचा चढउतार नियमांनीं बांधलेला आहे, तो मनाजोगा फिरवितां येत नाहीं, असें हर्टर व ड्रिफील्ड यांच्या १८९० च्या प्रयोगांवरून त्यास पटलें. मग काळ्या चौकटीची पुस्तिका काढून त्यानें छायाचित्र ही कला नव्हे असें जाहीर केलें. स्वतःच्या मताचें सुतक इतक्या उघडपणें पाळणारा लेखक विरळाच.

इतक्यांत आमच्या कन्येनें मोबाइलवर तेंच दृश्य टिपून पुढें धरलें. त्यांत लाट न् लाट स्वच्छ होती. "छान आलाय ना, बाबा?" तिनें विचारलें. आम्हीं उजवा डोळा झांकून तो फोटो पुन्हां पाहिला, आणि छान आला आहे म्हणून सांगितलें. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया येत्या दहा तारखेस आहे.