परदेशीं गेलेली मोटार

मोटार हांकणें मला आजतागायत साधलेलें नाहीं. तरी बीबीसीचा ‘टॉप गिअर’ हा कार्यक्रम मी वर्षानुवर्षें मोठ्या आवडीनें पाहत आलों. त्याचें कारण मोटारी नव्हेत. क्लार्कसन, हॅमंड आणि मे हे तीन प्रौढ गृहस्थ शाळकरी पोरांसारखे भांडत, आणि माझा मुलगा, तेव्हां दहा-अकरा वर्षांचा, शेजारीं बसून मला अश्वशक्तीचा अर्थ समजावून देई. इंग्रजीच्या प्राध्यापकानें आपल्या मुलापाशीं शिकलेली ही एकमेव विद्या!

आतां तो अमेरिकेंत नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यांत मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां दुसऱ्याच रात्रीं त्यानें या कार्यक्रमाची अमेरिकन आवृत्ति माझ्यापुढें मांडली. ‘हिस्टरी’ वाहिनीवर ती २०१० च्या नोव्हेंबरांत सुरू झाली आणि २०१६ पर्यंत चालली.

पहिल्याच भागांत एक डॉज व्हायपर गांवच्या रस्त्यांतून पळते आणि आकाशांतून कोब्रा हेलिकॉप्टर तिचा पाठलाग करतें. घोणशीमागें नाग लागावा तसा हा प्रकार! बाकी सारा थाट ओळखीचा. सरेमधल्या डन्सफोल्डच्या जागीं कॅलिफोर्नियांतला एल टोरो हा जुना लष्करी विमानतळ. पांढऱ्या शिरस्त्राणाचा तोच मुका स्टिग. स्वस्तांतल्या गाडींत बसलेला नामवंत पाहुणा. पाहुणा मात्र बझ ऑल्ड्रिन! १९६९ सालीं चंद्रावर उतरलेला मनुष्य ऐंशीव्या वर्षीं सुझुकीच्या लहानशा गाडींतून फेरी मारतो, हें पाहून मी खुर्चींत पुढें सरकून बसलों.

तिघा सूत्रधारांनीं मात्र माझी निराशा केली. ॲडम फेरारा विनोदी नट, टॅनर फाउस्ट शर्यतपटु, रटलेज वुड शर्यतींचा भाष्यकार; एकेकटे तिघेहि हुशार. पण परस्परांची थट्टा करण्याइतका त्यांचा परिचयच झालेला दिसेना. मैत्रीचें भाषांतर होत नाहीं, असें कांहीं तरी मी म्हणालों. शिवाय ‘बॉनेट’चें ‘हूड’ झालेलें, ‘बूट’चें ‘ट्रंक’. प्रत्येक वेळीं मी जुना शब्द मोठ्यानें उच्चारीत होतों.

चिरंजीवांनीं चित्र थांबविलें. “बाबा, मूळ कार्यक्रम तरी पहिल्या खेपेस कोठें जमला होता? २००२ सालीं तो नव्यानें सुरू झाला, तेव्हां त्यांत मे नव्हताच. आणि काल विमानतळापासून तुम्ही माझेहि शब्द दुरुस्त करीत आहांत.”

खरें होतें. देवलांचें ‘झुंझारराव’ हें ‘ऑथेल्लो’चें रूपांतर आहे, हें सांगतांना वर्गांत मीं कधीं देवलांना दोष दिला नाहीं, उलट शेक्सपिअर मराठी अंगरख्यांत किती शोभतो म्हणून मुलांपुढें मिरविलें. मग या बिचाऱ्या अमेरिकनांवरच माझा रोष कां? तो त्यांच्यावर नव्हता. मुलाच्या बोलण्यांतला ‘र’ बदलला होता, एवढेंच.

मग रोज रात्रीं एक भाग असा क्रम ठरला. पुढें पुढें स्टुडिओंतला भाग मागें पडत गेला आणि तिघांचा प्रवासच उरला. एकाची गाडी मोडली कीं बाकीचे दोघे मनापासून हंसूं लागले. मीहि हंसूं लागलों.

निघण्याच्या दिवशीं बॅगा घेऊन मी गाडीमागें उभा राहिलों. या खेपेस ‘ट्रंक उघड’ म्हणावयाचें, असें मनाशीं ठरविलें होतें. तेवढ्यांत आंतून हांक आली, “थांबा बाबा, डिकी उघडतों!”